टाकीत काठी बुडवा : उत्तर आयर्लंडमधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळी, नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ओमा गावात नव्यानं राहायला आलेल्या एका मुलीनं विचारलं, "ऑइलच्या टाकीला कुलूप लावावं का?" म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरचं तेल साठवतात त्या, अंगणातल्या टाकीला. खाली भराभर उत्तरं आली. बहुतेकांनी कॅमेऱ्यांच्या लिंका टाकल्या. एका काकांनी "आपल्याकडे असलं काही होत नाही" असं ठणकावलं. कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि विषय मोदकांच्या ऑर्डरीकडे वळला. मी गप्प बसले. उत्तर द्यायचं तर डिसेंबर 2022 मध्ये आमच्याकडे काय झालं ते सांगावं लागलं असतं, आणि ते मी आपल्यात कुणालाच सांगितलेलं नाही. चोरी झाल्याची लाज चोराला वाटायची सोडून आपल्यालाच का वाटते, देव जाणे. तर आता सगळ्यांनाच एकदम सांगते.

अर्मा गावाबाहेरच्या या भाड्याच्या घरात येऊन तेव्हा आम्हाला तीन महिने झाले होते. आजूबाजूला सफरचंदाच्या बागा, मागच्या अंगणाला लागून एक कच्चा रस्ता आणि त्या रस्त्याच्या कडेला आमची हिरवी प्लास्टिकची टाकी. तो थंडीचा आठवडा तुमच्यापैकी जुन्या लोकांना आठवत असेल, दिवसासुद्धा गवतावरचं दहिवर वितळत नव्हतं. नवरा रात्रपाळी करून सकाळी साडेआठला घरी आला, तेव्हा बाहेर धड उजाडलंही नव्हतं आणि मी मुलीला घरातच कोट घालून दूध पाजत होते. बॉयलरवर लाल दिवा. रीसेटचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, बॉयलर एकदा गुरगुरला आणि गप्प झाला. मेकॅनिकला बोलावलं. त्यानं बॉयलरचं झाकणसुद्धा उघडलं नाही. सरळ मागे गेला आणि टाकीवर बोटांच्या पेरांनी खालून वर टकटक करत गेला. रिकाम्या पिंपाचा आवाज कुठल्याही देशात तोच असतो.

"शक्यच नाही," मी म्हटलं. "बारा दिवसांपूर्वी पाचशे लिटर भरलंय."

तो खांदे उडवून फी घेऊन गेला. मी तेल देणाऱ्या दुकानाला फोन लावला आणि तुम्ही कमी तेल टाकलंत म्हणून तावातावानं भांडले. फोनवरची बाई शांतपणे म्हणाली, टँकरच्या मीटरमधून छापून आलेली पावती तुमच्या पत्रपेटीत टाकलेली असेल, बघा. होती. पाचशे लिटर, वेळेसकट. त्या बाईची मी नंतर माफी मागितली.

मग कुंपणापलीकडचे आजोबा आले. सत्तरी ओलांडलेले शेतकरी आहेत, बोलतात कमी. टाकीचं झाकण त्यांनी नुसतं बोटानं हलवलं. आटे चुकवून, घाईघाईत बसवलेलं होतं. टाकीपासून रस्त्यापर्यंतच्या गवतात एक दबलेला पट्टा होता, जड डबे ओढत नेल्यासारखा. आजोबांनी तो पाहिला आणि मला एकच प्रश्न विचारला, "शेवटचं कधी मोजलं होतंस?"

मी मोजलंच नव्हतं. 101 वर पोलिसांना फोन केला, तर त्यांचाही पहिला प्रश्न तोच निघाला, चोरी कधी झाली? मी म्हटलं, बारा दिवसांत कधीतरी. पलीकडे टाइप करणारे हात क्षणभर थांबल्याचं मला ऐकू आलं.

नंतर आजोबांनी समजावलं ते असं. वरच्या झाकणातून सोडलेली नळी सहसा अगदी तळाला टेकत नाही, आणि तळाचा गाळ ओढायला चोरालाही नको असतो. त्यामुळे खाली चार बोटं तेल उरतं. बॉयलरची नळी मात्र तळाजवळून निघते, म्हणून त्या उरलेल्या तेलावर तो आणखी तीन-चार दिवस बिनबोभाट चालतो. घर गार पडतं तेव्हा चोर येऊन गेल्याला तीन-चार दिवस उलटलेले असतात. पाऊस पडून गेलेला असतो, खुणा पुसलेल्या असतात. "काल रात्री इथे एक पांढरी व्हॅन उभी होती" असं सांगू शकणारा शेजारीही ते विसरलेला असतो.

म्हणून ओमाच्या ताईला माझं पहिलं उत्तर कुलुपाचं नाही. टाकीत किती तेल आहे, हे तुला आत्ता, फोन हातात असताना, सांगता येईल का? येत नसेल तर आधी तिथून सुरुवात कर.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडं मागचं सांगते, कारण लंडनचा किंवा मँचेस्टरचा भाऊ तुम्हाला वेड्यात काढेल. ब्रिटनच्या मोठ्या बेटावर 1967 ते 1977 या दहा वर्षांत घरोघरी नॉर्थ सीचा गॅस पोचला. आपल्या या कोपऱ्यात नैसर्गिक वायूची वाहिनी स्कॉटलंडहून समुद्राखालून आली ती 1996 मध्ये, आणि तीही आधी बेलफास्टकडे. त्यामुळे अर्ध्याअधिक घरांच्या मागे आजही तेलाची टाकी आहे. या तेलाच्या दराला गॅस-विजेसारखी सरकारी वेसण नाही. 2022 च्या मार्चमध्ये पाचशे लिटरला पाचशे पौंडांच्या वर मोजावे लागले होते. टाकीला मीटर नाही, घरात काटा नाही, आणि हजारभर लिटरची पुंजी बाहेर उघड्यावर, बहुतेक ठिकाणी एका फिरकीच्या झाकणाखाली.

आणि हे तेल म्हणजे काय? केरोसीन. आपलं रॉकेल. घासलेट!

हे कळलं तेव्हा मला कराडची आजी आठवली. रेशनवरचं निळं रॉकेल आणायला ती मला रांगेत उभी करायची, पाच लिटरचा डबा पायाशी. घरी आल्यावर डबा मोरीशेजारच्या कोनाड्यात जायचा, आणि त्या कोनाड्याला कडी होती, कडीला कुलूप होतं. दर दोन दिवसांनी ती डब्यात खराट्याची काडी बुडवून बघायची आणि म्हणायची, "सोमवारपर्यंत पुरेल." पाच लिटरचा असा हिशेब ठेवणाऱ्या बाईची नात मी, मागच्या अंगणात पाचशे लिटर रॉकेल ठेवून बारा दिवस निवांत झोपले होते.

आजोबांनी मला झाडूच्या जुन्या दांड्याची मोजकाठी करून दिली. सेंटिमीटरच्या खुणा त्यांनी खिळ्यानं ओरखडून काढल्या. दर रविवारी मी झाकण उघडते, काठी सरळ तळाला टेकवते, वर काढते. ओल कुठवर आली ते नीट दिसत नसेल तर काठीवर आधी खडू घासते, तेल चढतं तिथवर खडू काळपट होतो. आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते, कालनिर्णयच्या त्याच चौकोनात जिथे आजी दुधाचे रतीब लिहायची.

हिशेब सोपा आहे. आमच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साधारण दहा लिटर. आमचा बॉयलर चालू असला की तासाला दोन लिटरच्या आसपास पितो, आणि हिवाळ्यात दिवसाला पाच तास चालतो. म्हणजे रोज एक सेंटिमीटर, आठवड्याला सात. थंडी कडक असेल तर नऊ. एखाद्या रविवारी वीस उतरलेलं दिसलं तर एक तर गळती आहे नाहीतर पाहुणा येऊन गेलाय, आणि दोन्हींची दखल त्याच दिवशी घ्यायला हवी. तुमच्या टाकीचा आकार वेगळा असेल, तुमचा आकडा तुम्हीच काढा. पुढच्या वेळी तेल भरायच्या आधी आणि नंतर काठी बुडवली की आपोआप निघतो. शिवाय टँकरवाल्यानं किती टाकलं तेही तपासून होतं, उगाच कुणाशी भांडावं लागत नाही.

काठीचा कंटाळा असेल तर टाकीवर बसवायचे सेन्सर मिळतात. आवाजाच्या लहरींनी पातळी मोजतात आणि घरातल्या सॉकेटला लावलेल्या छोट्या यंत्रावर पट्ट्या दाखवतात. पातळी अचानक घसरली की काही यंत्रं बोंब मारतात. घेणार असाल तर बोंब मारणारंच घ्या. नुसत्या पट्ट्या दाखवणाऱ्या यंत्रात एक पट्टी म्हणजे शंभर-सव्वाशे लिटर असू शकतात. तेवढ्यात चोराचे सहा डबे भरतात.

आता कुलूप. लावाच, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. झाकणाला लागणारं, कडी झाकलेलं कुलूप घ्या म्हणजे कटरला पकड मिळत नाही. आकड्यांचं घेतलंत तर टँकर यायच्या दिवशी आकडे सांगता येतात आणि तेल भरून झालं की बदलता येतात. किल्ली कुंडीखाली ठेवायची मराठी पद्धत इथल्या चोरांनाही ठाऊक आहे. टाकी जुनी असेल तर तिच्या अंगाला पातळी दाखवणारी पारदर्शक नळी असते, तिचा खालचा कॉक बघून झाल्यावर बंदच ठेवा. कुणी ती नळी नुसती खाली वाकवली तरी टाकी रिकामी होते, त्याला झाकण उघडायचीही गरज नाही.

पण कुलूप दिसलं की काही चोर टाकीलाच खालून ड्रिलनं भोक पाडतात, आणि खरी भीती मला त्याची वाटते. आपल्यातल्याच एका कुटुंबाकडे हे झालं, त्यांच्या परवानगीनं नाव न घेता सांगते. चोरानं नेलं असेल शंभर लिटर. बाकीचं रात्रभर जमिनीत गेलं. सकाळी त्या माउलीनं वास आला म्हणून बागेचा पाइप लावून सगळं स्वच्छ धुऊन काढलं, साबण घालून. आपण कुणीही हेच केलं असतं, आणि नेमकं हेच करायचं नसतं. पाण्याबरोबर तेल आणखी खोल गेलं, गटारात गेलं. तीन आठवड्यांनी स्वयंपाकघरातल्या नळाच्या पाण्याला रॉकेलचा वास यायला लागला. जमिनीखालून जाणाऱ्या पाण्याच्या प्लास्टिकच्या नळीतून केरोसीन आत झिरपतं, नळी फुटलेली नसली तरी. अंगणातली माती खोदून काढून गाडीनं न्यावी लागली, पाण्याची नळी बदलावी लागली, खर्च हजारो पौंडांत गेला. तेलाची किंमत त्यापुढे चिल्लर.

म्हणून भोक दिसलं तर खाली बादली, परात, बाळाचा टब, हाताशी येईल ते लावा. सांडलेल्यावर वाळू, माती किंवा मांजराच्या पेटीतली रेती टाका. पाणी अजिबात मारू नका. मग 0800 80 70 60 या पर्यावरणाच्या हेल्पलाइनवर कळवा, आणि लगेच विमावाल्यांना. टाकी बदलायची वेळ आली तर दुहेरी घ्या, टाकीच्या आत टाकी असते ती. बाहेरचं कवच आतल्या टाकीच्या 110 टक्के मावेल एवढं असतं. ड्रिलवाल्यानं बाहेरच्या कवचाला भोक पाडलं की त्याला बहुधा हवाच मिळते. त्याचा चेहरा बघायला मला आवडेल.

टाकी लपवावी की दिसती ठेवावी यावर आमच्या घरात अजून वाद आहे. माझं म्हणणं, रस्त्यावरून दिसू नये, स्वयंपाकघराच्या खिडकीतून मात्र दिसावी. चारही बाजूंनी फळ्या ठोकल्या की टाकी लपते आणि चोरही लपतो. शिवाय आगीच्या नियमांनी घराच्या दारं-खिडक्यांपासून 1.8 मीटर आणि साध्या लाकडी कुंपणापासून 760 मिलिमीटर अंतर सोडावं लागतं, त्यामुळे मनाला येईल तशी भिंत किंवा फळी उभी करता येत नाही. आम्ही रस्त्याच्या बाजूला इथल्या हॉथॉर्नची काटेरी झुडपं लावली. गावाकडे शेताच्या बांधाला निवडुंग लावतात ना, तसंच. पायवाटेवर खडी टाकली, पाऊल पडलं की करकरते. दिवा लावायचा तर संध्याकाळी आपोआप लागून सकाळपर्यंत मंद जळणारा लावा. माणूस दिसला की भसकन पेटणारा प्रखर दिवा आमच्याकडे दर रात्री मांजरासाठीच पेटायचा, शेवटी त्याकडे बघणंच बंद झालं. अंगणात रिकामे डबे आणि बागेचा पाइप पडलेला असेल तर आत ठेवा. चोराला सामानही आपणच पुरवायचं म्हणजे जरा जास्तच पाहुणचार झाला.

भाड्यानं राहणाऱ्यांनो, टाकी घरमालकाची, तेल तुमचं, हे लक्षात ठेवा. कुलूप, दिवा, गळकी नळी यांबद्दल मालकाला तोंडी सांगू नका, ईमेल करा. आमच्या मालकांनी दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला. तीन महिने मीच मागितलं नव्हतं.

आता भारतवारीबद्दल. डिसेंबर आला की आपल्यातली निम्मी मंडळी सहा आठवड्यांसाठी पुण्या-नाशिकला जातात. जायच्या आधी, घर गारठू नये म्हणून टाकी भरून ठेवतात आणि विमानतळावरून कुटुंबाचा फोटो टाकतात. अंधार चारलाच पडतो, घरात दिवा नाही, दारातली गाडी दीड महिना हललेली नाही, टाकी काठोकाठ. यात आणखी एक मेख आहे. घर सलग 30 दिवस रिकामं राहिलं, काही ठिकाणी 60, की बऱ्याच विमा पॉलिसींत चोरीची आणि तेलगळतीची भरपाई मिळत नाही. सहा आठवडे म्हणजे 42 दिवस. तुमच्या पॉलिसीत कोणता आकडा आहे तो तिकीट काढायच्या आधी वाचा, आणि तेल सांडण्याचा खर्च त्यात आहे का तेही. बॉयलर पूर्ण बंद करून जाऊ नका, नळ गोठून फुटतील. पण मंद ठेवलेल्या बॉयलरला काठोकाठ टाकी लागत नाही. पाव टाकी ठेवा, आणि मोजकाठी शेजाऱ्याकडे द्या. चिवड्याचा डबाही द्या, ते आनंदानं मोजतात.

"आज आमचं ऑइल आलं, कुणाला या दरात हवंय का?" असे निरोप गटावर पत्त्यासकट टाकणं कृपा करून थांबवा. गटात तीनशेवर माणसं आहेत, त्यांतली किती आपण प्रत्यक्ष पाहिली आहेत? एकत्र मागवून स्वस्त पडतं हे खरं. त्यासाठी हाउसिंग एक्झिक्युटिव्हनं, म्हणजे इथल्या सरकारी घरांच्या संस्थेनं, चालवलेले ऑइल क्लब आहेत, दोनशे लिटरपासून मागवता येतं. दर पडताळायचा तर कन्झ्युमर कौन्सिल ही ग्राहकांची संस्था दर आठवड्याला 300, 500 आणि 900 लिटरचे भाव जाहीर करतं.

आणि एक कडू बोलायचं आहे. गेल्या हिवाळ्यात गटावर एक नंबर फिरत होता. "घर बदललं, टाकीतलं तेल उरलंय, डब्यांतून अर्ध्या किमतीत, रोख." दोघांनी घेतलं, मला माहीत आहे. व्हॅनमधून डब्यांनी येणारं अर्ध्या किमतीचं तेल कुणाच्या टाकीतून आलं असेल? आमच्या आजोबांची बायको तेलासाठी पैसे साठवायचे, गावच्या कौन्सिलचे (नगरपालिकेचे) स्टँप घेते, पाच पौंडांचा एक, आठवड्याला एक, कार्डावर चिकटवत जाते. कार्ड भरायला कित्येक महिने जातात. तिच्यासारखीच्या टाकीतलं तेल आपल्या बॉयलरमध्ये जळत असेल तर मला तरी त्या घरात चहा घशाखाली उतरणार नाही. चोरीचा माल आहे हे कळत असून घेतला तर तो कायद्यानं गुन्हाही आहे, आणि आपल्यातले निम्मे लोक अजून व्हिसावर आहेत.

रात्री अंगणात कुणी दिसलं तर? दार उघडून बाहेर जायचं नाही. दिवे लावा, तातडीच्या मदतीचा 999 फिरवा, खिडकीतून गाडीचा नंबर दिसला तर टिपा, बस्स. 25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ इंधनात रॉकेलची भेसळ करणाऱ्यांवर कारवाई करायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं होतं, हे आपल्यातल्या वयानं मोठ्यांना आठवत असेल. इथे कुणी रॉकेल ओतेल असं मी म्हणत नाही. पण बिनकराच्या किंवा स्वस्त इंधनाचा चोरटा धंदा जिथे आहे, आणि इथल्या सीमाभागातही तो वर्षानुवर्षं आहे, तिथे समोरचा माणूस भुरटा आहे की टोळीतला, हे अंधारात चप्पल घालून ठरवता येत नाही.

आणि चोरी झालीच तर कळवा. 101 वर. दुसऱ्या कुणाकडच्या चोरीबद्दल काही ठाऊक असेल आणि नाव सांगायचं नसेल, तर निनावी माहिती घेणाऱ्या क्राइमस्टॉपर्सच्या 0800 555 111 वर. "शंभर लिटरसाठी कुठे पोलिसांकडे" असं म्हणून गप्प बसलो की कागदावर आपल्या भागात चोरीच होत नाही. मग काकांचं "आपल्याकडे असलं काही होत नाही" खरं ठरतं आणि रात्रीची गस्त दुसरीकडे जाते. मी नोंदवली, पण इतकी मोघम की त्या तक्रारीचं पुढे काही झालं नाही. 2023 च्या जानेवारीत सरकारनं वीज कंपन्यांमार्फत घरटी 600 पौंड दिले, त्यातले चारशेहून जास्त माझ्या त्याच टाकीत गेले.

गटाच्या कार्यकारिणीला एवढीच विनंती, संक्रांतीच्या कार्यक्रमात हळदीकुंकवाच्या आधी पंधरा मिनिटं या विषयाला द्या. कौन्सिलच्या, गावाच्या सुरक्षिततेचं काम बघणाऱ्या पोलिसिंग अँड कम्युनिटी सेफ्टी पार्टनरशिपला पत्र लिहून बोलावलं तर माणूस बोलायला येतो का ते मी विचारते. आला नाही तर मी बोलेन, आजोबांना घेऊन येते. वाणात यंदा स्टीलच्या वाट्या नकोत, कुलपं द्या.

आजोबांनी हौसेनं आणखी चार काठ्या करून ठेवल्या आहेत, सव्वा मीटर लांब, खुणांसकट. एक ओमाच्या ताईसाठी बाजूला काढली आहे. उरलेल्या तीन हव्या असतील त्यांनी मला खाजगीत कळवा, गटावर नको.

आपली,
अर्माची एक मैत्रीण